शब्दचर्चा : जाती, प्रजाती की वाण?

विचारणा (सोलापूर) : मंडळी, शाळेची मुलं नान्नज अभयारण्यातल्या माळढोक पक्ष्यावर तक्ता करतायत. पेपरच्या कात्रणात ‘माळढोक ही दुर्मीळ प्रजाती’ असं छापलंय. विज्ञानाच्या पुस्तकात मात्र स्पीशीजला ‘जाती’ आणि जीनसला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, ‘प्रजाती’. तक्त्यावर काय लिहू? त्यात आमचे शेतकरी काका म्हणतात, ‘मालदांडी ही ज्वारीची जात’. ती आणि कुठली जात?

उत्तर १ : पुस्तकाप्रमाणेच लिहा. मराठीतली उतरंड अशी : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे प्रजाती जातीच्या वर. ‘प्र’ लागल्यामुळे ती खालची वाटते, तिथेच गोंधळ होतो.

माळढोकाचं शास्त्रीय नाव आर्डिओटिस निग्रिसेप्स. पहिला शब्द प्रजातीचा. या प्रजातीत एकूण 4 जाती : आपला माळढोक, आफ्रिकेतला कोरी, अरबी आणि ऑस्ट्रेलियन. ‘ही प्रजाती नामशेष होतेय’ म्हटलं तर चौघांनाही गुंडाळल्यासारखं होतं, आणि कोरीची अवस्था काही माळढोकाइतकी वाईट नाही. तणमोर या पक्ष्याचं कुल तेच, पण प्रजाती वेगळी, सायफिओटिडिस. तिच्यात तो एकटाच! त्याला ‘प्रजाती’ म्हणणारा पेपरवाला चुकूनमाकून सुटतो.

उत्तर २ : हे सगळं खरं, पण बातमीत ‘जाती’ लिहायला हात धजत नाही हो. वाचणाऱ्याच्या डोक्यात आधी दाखल्यावरची जात येते. हिंदीत जीनसला ‘वंश’ आहे, म्हणून त्यांना स्पीशीजसाठी ‘प्रजाती’ मोकळी मिळाली. तीच आपल्याकडे आली आणि रुळली. आता ती परत जाईल असं मला वाटत नाही.

उत्तर १ : रुळू दे की, पण मग जीनसला काय म्हणणार ते सांगा. एकच शब्द दोन पायऱ्यांना चालणार नाही. पेपरात एकवेळ खपवून घेऊ, शाळेच्या तक्त्यावर नाही.

ज्वारीचं म्हणाल तर काकांचंही बरोबरच. शेतात ‘जात’ म्हणजे वाण. एम 35-1 हे मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडीतून निवडून काढलेलं वाण. मालदांडी काय, फुले वसुधा काय, शास्त्राच्या हिशेबी जाती एकच : सॉर्घम बायकलर. तक्त्यात ‘वाण’ लिहा, वाद मिटला.

विचारणा : माळढोकाच्या शास्त्रीय नावापुढे कंसात ‘व्हिगर्स, 1831’ आहे. तो कंस गाळला तर चालेल?

उत्तर ३ : नाव-साल ठेवणार असाल तर कंस गाळू नका, त्याला अर्थ आहे. व्हिगर्सनं 1831 मध्ये नाव दिलं ते ओटिस निग्रिसेप्स. पुढे पक्षी आर्डिओटिस प्रजातीत गेला. प्रजाती बदलली की प्राणिशास्त्रात मूळ नाव देणारा कंसात जातो. निग्रिसेप्स, म्हणजे काळ्या डोक्याचा, हा शब्द मात्र तसाच राहिला. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअसनं ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या 1758 च्या आवृत्तीत प्राण्यांना सरसकट दोन शब्दांची नावं दिली, तेव्हापासूनची ही घडी.

आणि तक्त्यात ‘जाती : निग्रिसेप्स’ एवढंच लिहू नका, मुलं हमखास तसं करतात. नुसता दुसरा शब्द म्हणजे जातीचं नाव नव्हे. तोच शब्द दुसऱ्या प्रजातीतल्या प्राण्यालाही असू शकतो. दोन्ही शब्द लिहा. छापील असेल तर तिरपे, हातानं लिहिणार असाल तर खाली रेघ, आणि दोन शब्दांना दोन वेगळ्या रेघा.