लोअर परळच्या लॉ फर्ममध्ये दुसरं वर्ष, घरी जायची वेळच ठरत नाही. सगळीकडे असंच असतं का?

दमलेली_असोसिएट

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी मूळची नाशिकची, पाच वर्षांचं लॉ करून एका मोठ्या फर्मच्या कॉर्पोरेट टीममध्ये लागले. ऑफिस लोअर परळला, राहते डोंबिवलीला मावशीकडे. पैशाबद्दल तक्रार नाही, माझ्या बॅचचे जे कोर्टात सिनिअरकडे लागलेत त्यांचे आकडे ऐकले की मी गप्पच बसते. तक्रार वेळेची आहे. सकाळी दहाला पोचायचं, दिवसभर पार्टनर, म्हणजे फर्मचे भागीदार, आमचे सर, मीटिंगमध्ये, त्यांनी बघितल्याशिवाय ड्राफ्ट पुढे सरकत नाही, साडेसातला ते केबिनमध्ये येऊन टेकतात आणि मग आमचा खरा दिवस सुरू होतो.

परवाचंच सांगते. शेअर परचेस ॲग्रीमेंटवर समोरच्या वकिलांची रेडलाइन, म्हणजे त्यांनी बदल दाखवून परत पाठवलेला मसुदा, पावणेनऊला आली. सर म्हणाले जरा नजर टाकून ठेव, सकाळी लागेल. मी इंडेम्निटी (नुकसानभरपाईची हमी) आणि वॉरंटीच्या सगळ्या बदलांवर नोट काढली, डिस्क्लोजर शेड्यूल ताडून बघितलं आणि रात्री दीडला मेल टाकला. सकाळी उत्तर काय, तर क्लायंटने डील होल्डवर टाकलंय. आणि हे सरांना आदल्या दिवशी दुपारीच कळलं होतं, सांगायचं राहून गेलं म्हणे! नऊनंतर कॅब आणि जेवण फर्म देते, तो प्रश्न नाही. पण दीडला कॅबमध्ये बसून डोंबिवली गाठायची, मावशी दार उघडायला जागी, आणि तिचं ठरलेलं, "अगं कोर्ट तर संध्याकाळीच बंद होतं ना?"

तर विचारायचं असं की कामाच्या तासांना आम्हाला कुठलाच कायदा लागू नाही का? सॅलरी स्लिप नाही, पीएफ नाही, दर महिन्याला १० टक्के टीडीएस कापून रिटेनर, म्हणजे पगाराऐवजी ठरलेली फी, येतो. सोडायचं म्हटलं तर तीन महिन्यांची नोटीस. कंपनीत इनहाऊस, म्हणजे त्यांच्याच पगारी वकिलाच्या नोकरीत, जावं की कोर्टाकडे वळावं की अजून एक वर्ष दात-ओठ खाऊन काढावं, काहीच सुचत नाहीये.

फोर्टचा_जुना

अगं, आधी कायद्याचं सांगतो कारण तिथेच सगळी मेख आहे. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ४९ नंबरचा नियम आहे, प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाने कोणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही. म्हणून फर्म तुला नोकर म्हणत नाही, स्वतंत्र व्यावसायिक म्हणते, आणि त्यामागोमाग पीएफ, ग्रॅच्युइटी, ओव्हरटाइम सगळं गळून पडतं. सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये केरळच्या एका केसमध्ये म्हटलेलं आहे की वकिलाचं ऑफिस म्हणजे तिथल्या दुकाने-आस्थापना कायद्यातलं कमर्शियल एस्टॅब्लिशमेंट नव्हे. आता तू स्वतंत्र व्यावसायिक, तर सांग बघू, रजेला कोणाची परवानगी लागते? स्वतःचा क्लायंट घेता येतो का? नाही ना! सोयीचं तेवढं स्वतंत्र. तेव्हा कायद्याच्या पुस्तकात संरक्षण शोधण्यात वेळ घालवू नकोस, तुझं जे काही आहे ते त्या रिटेनर लेटरमध्ये आहे, ते काढून नीट वाच.

दुसरं, तुला एक विचारतो. तुझं वर्षाचं टार्गेट नोंदवलेल्या तासांवर आहे की क्लायंटला बिल झालेल्या तासांवर? यावर सगळं आहे. तुम्ही टाइमशीटमध्ये सहा-सहा मिनिटांचे तुकडे भरता, ०.३ मेल वाचला, १.७ ड्राफ्ट सुधारला, आणि बिल काढायच्या वेळी पार्टनर त्यातले किती ठेवतो? आपल्याकडचे बरेच क्लायंट तासाचे पैसे द्यायला तयार नसतात, त्यांना एकरकमी आकडा नाहीतर वरची मर्यादा हवी असते. पार्टनर काम मिळवायला तो आकडा खाली आणतो, आणि मग डील लांबलं की जास्तीचे तास राइट-ऑफ, म्हणजे बिलात न धरता सोडून दिले. तुझी रात्र फर्मला फुकट पडते, म्हणून तिची किंमत कोणी करत नाही. जिथे क्लायंट खरोखर तासाने पैसे देतो ना तिथे असोसिएटला उगाच बसवून ठेवायची हिंमत होत नाही, कारण क्लायंट बिलावर ओळ-ओळ प्रश्न विचारतो. हे मी फोर्टमध्ये दोन्ही प्रकारच्या टीममध्ये पाहिलंय.

वरून नवीन काम मिळवायचे पिच, फर्मच्या रँकिंगसाठी पाठवायची सबमिशन्स, पार्टनरच्या नावाने छापायचे लेख. वकिलांना जाहिरात करायची बंदी असल्याने या गोष्टींना फर्ममध्ये अतोनात महत्त्व, आणि लिहितो कोण तर दुसऱ्या वर्षाची पोरं. ते तास टाइमशीटमध्ये कुठल्या कोडखाली जातात, बिल होणाऱ्या की न होणाऱ्या, ते पण बघ.

गिरगावकर

रात्री दीडला दुसऱ्याची इंडेम्निटी वाचणाऱ्यांनी आपल्याला कोण इंडेम्निफाय करणार ते आधी बघावं. बाकी चालू द्या.

काळा_कोट_७१

कटू वाटेल पण बोलतो. आम्ही सुरुवातीला काळा घोड्याहून हायकोर्टात फाइलींचे गठ्ठे उचलून नेत होतो, सिनिअर दिवाळीला पाकीट देतील ते आमचं उत्पन्न, रात्री कॉन्फरन्स संपली की पायी सीएसटी. कोणी विचारलं नाही कामाचे तास किती. तुम्हाला एसी, कॅब, जेवण सगळं मिळतं आणि तरी रडगाणं. पहिली पाच वर्षं शिकायची असतात, ती मोजायची नसतात. ज्याला घड्याळ बघायचंय त्याने बँकेत जावं.

ठाणे_इनहाऊस

काका, बँकेतले लोक पण हल्ली घड्याळ बघत नाहीत, त्यांना बघू देत नाहीत. आणि शिकणं हा मुद्दा असेल तर होल्डवर पडलेल्या डीलवर दीड वाजेपर्यंत बसून ती काय शिकली? २०२४ मध्ये पुण्यात त्या तरुण सीए मुलीच्या आईचं, कामाच्या ताणाने मुलगी गेली असं सांगणारं, पत्र सगळीकडे फिरलं तेव्हा आमच्या जुन्या फर्मच्या ग्रुपवर आठवडाभर हळहळ चालली होती, वेलनेसचं एक वेबिनार झालं, ते पण रात्री आठला ठेवलं, आणि पुढच्या सोमवारपासून येरे माझ्या मागल्या.

ताई तुझ्यासाठी. मी चार-पाच वर्षं फर्ममध्ये काढून आता कंपनीत आहे. सातला लॅपटॉप बंद होतो, क्वार्टर एंड सोडला तर. पण तीन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, कंपनीत पूर्णवेळ नोकरी धरलीस की त्याच ४९ नियमाने बार काउन्सिलला कळवून प्रॅक्टिस थांबवावी लागते, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, सस्पेंड. दुसरं म्हणजे पुढेमागे जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टात न्यायाधीश व्हायची, परीक्षा द्यायचा विचार असेल तर मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणलीय, आणि सनद सस्पेंड असतानाची कंपनीतली वर्षं म्हणजे काही प्रॅक्टिस नव्हे. नाशिकला घरचे "जज हो जज हो" करत असतील तर हे आत्ताच डोक्यात ठेव. आणि तिसरं, कामाचा कंटाळा. एनडीए (गुप्ततेचा करार), व्हेंडर कॉन्ट्रॅक्ट, परत एनडीए. मला चालतं, माझी मुलगी लहान आहे. तुला चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी चालेल का ते तूच बघ.

आणि एक राहिलं, तुझ्या पोस्टमध्ये नाहीये पण वाचणाऱ्या बाकीच्या मुलींसाठी. पार्टनर ओरडतो, मेलवर सगळ्यांसमोर काढतो, हे पॉश कायद्यात, म्हणजे कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात, बसत नाही. पण अंगचटीला येणं, घाणेरडे जोक, नको ते मेसेज हे असेल तर २०१३ च्या त्या कायद्यात एम्प्लॉयी या शब्दाची व्याख्या खूप मोठी आहे, कॉन्ट्रॅक्टवरचे, ट्रेनी, सगळे येतात. "तू तर रिटेनर आहेस" असं कोणी ऐकवलं तर हसून सोडू नका. तीन महिन्यांत लेखी तक्रार.

आकडेमोड

मी सीए आहे, वकील मंडळींचे रिटर्न भरतो म्हणून हात घालतो. रिटेनर असण्याचा एक फायदा आहे तो तरी पूर्ण घ्या ना! इन्कम टॅक्सच्या ४४एडीए कलमाखाली ५० लाखांपर्यंतच्या फीवर निम्मी रक्कमच उत्पन्न धरता येते. समजा वर्षाची फी १८ लाख, तर उत्पन्न ९ लाख, आणि २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेट आहे, म्हणजे कर शून्य आणि कापलेला १ लाख ८० हजार टीडीएस परत. हाच १८ लाख पगार असता तर स्टँडर्ड डिडक्शन घेऊनही दीड लाखाच्या आसपास गेले असते. इनहाऊसची ऑफर तोलताना नुसते सीटीसी शेजारी-शेजारी ठेवू नका, हातात काय येतं ते बघा. जीएसटीची भीती पण कोणीतरी घालतं, वकिलाने वकिलांच्या फर्मला दिलेली सेवा त्यातून वगळलेली आहे.

तोटा होम लोनला कळतो. सॅलरी स्लिप नाही म्हटल्यावर बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते आणि तिथे तुमचं उत्पन्न निम्मंच दिसतं 😄

दमलेली_असोसिएट

बापरे, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. आकडेमोड दादा, मागच्या वर्षी बाबांच्या ओळखीच्या एजंटने माझा रिटर्न भरला होता, त्याने हे काही केलेलं दिसत नाही, आज कागद काढते.

फोर्टचे काका, लेटर बघितलं. टार्गेट बिल झालेल्या तासांवर आहे! म्हणजे मी भरलेले तास सर कापणार आणि बोनसच्या वेळी माझेच कमी पडले म्हणणार. मला खरंच वाटत होतं मी हळू काम करते. लेटरमध्ये नोटीस ९० दिवस, "किंवा त्याऐवजी तेवढ्या काळाची फी", आणि जॉइनिंग बोनस दोन वर्षांच्या आत सोडलं तर परत करायचा. आणि काळा कोट काका, मी रडत नाहीये हो, विचारतेय.

फोर्टचा_जुना

"त्याऐवजी फी" लिहिलंय ना, मग वाट मोकळी आहे, पैसे भरून सुटता येतं, आणि नवी जागा घाईत असेल तर बरेचदा तेच भरतात, ऑफर घेताना विचारायला लाजू नकोस. कोणी जबरदस्तीने तुला खुर्चीत बसवून काम करून घेऊ शकत नाही, असले व्यक्तिगत सेवेचे करार कोर्ट तसे अमलात आणत नाही. पण पैशाची अट हवेत उडवता येईल असंही समजू नकोस. विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये २ लाखांचा बॉण्ड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायची अट, मान्य केलाय. जॉइनिंग बोनसची दोन वर्षं कधी पुरी होतात ती तारीख आधी बघ. मध्ये थोडेच महिने राहिले असतील तर राजीनामा त्यानंतर टाक, नोटीस त्यात मोजली जाते का तेही क्लॉजमध्ये वाच.

आणि फर्म सोडायच्या आधी टीम बदलून मिळते का बघ. एकाच मजल्यावर एक पार्टनर सातला "निघा रे" म्हणतो आणि दुसरा साडेसातला कामाला बसतो, हे मी प्रत्येक ठिकाणी पाहिलंय. रिअल इस्टेटच्या टीममध्ये ३० वर्षांचा टायटल सर्च (जागेची मालकी तपासणं), सब-रजिस्ट्रारच्या चकरा, सातबारा वाचणं हे कंटाळवाणं वाटतं पण सरकारी ऑफिसं रात्री उघडी नसतात, त्याचा फायदा होतो. शिवाय तू नाशिकची, जुने मराठी दस्त वाचता येतात याची मुंबईच्या फर्ममध्ये केवढी किंमत आहे ते तुला माहीत नाही.

रंकाळा_ॲडव्होकेट

कोर्टाचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. मी मुंबईत लिटिगेशन टीममध्ये होतो, ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि बॅग भरून परत आलो. मुंबईत तिथेही तास कमी नव्हते, रात्री बोर्ड, म्हणजे सुनावणीची यादी, लागलं की उद्याची मॅटर कळायची, मग कागदांचं कम्पायलेशन, कोर्टात बोलणाऱ्या कौन्सेलकडे ब्रीफिंग. फरक एवढाच की सकाळी ठरल्या वेळी कोर्ट बसतंच, तारखा पडतात, सुट्टीला कोर्ट बंद होतं, म्हणजे त्रासाला काहीतरी आकार असतो. पैसे मात्र पहिली काही वर्षं विसरा. बार काउन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंड द्यावा म्हणून सर्क्युलर काढलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्याकडे किती सिनिअर ते पाळतात विचारू नका. ताईंनी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढल्याशिवाय इकडे वळू नये.

काळा_कोट_७१

टायटलचं मात्र फोर्टवाल्यांनी बरोबर सांगितलं. मोडी वाचणारा माणूस शोधायला आम्ही मागे पुण्यापर्यंत गेलो होतो. मुली, मोडी शिकून घे, तुला घरी बसून काम येईल.

दमलेली_असोसिएट

मोडी 😅 आजोबांना येत होती. उद्या एचआरला टीम बदलायचं विचारते. पण सरांना आधी सांगू की एचआरला?

ठाणे_इनहाऊस

ज्या टीममध्ये जायचंय तिथल्या पार्टनरला. त्यांना माणूस हवा असेल तर तुझ्या सरांशी तेच बोलतील. एचआर सगळ्यात शेवटी, आणि जे बोलणं होईल ते त्याच दिवशी मेलवर टाकून ठेव.