मदत हवी आहे: आय-स्नॅप योजनेत नर्सिंग होमला बोनस कशावर द्यावा?

नमस्कार. अमेरिकेत मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) आणि मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) यांच्या हिशोबात काम करणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. आय-स्नॅप म्हणजे नर्सिंग होममध्ये राहणाऱ्यांसाठीची मेडिकेअरची खास खाजगी विमा योजना. इथलं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, वृद्धांचा कायमचा मुक्काम.

मूळ दुखणं ठाऊकच आहे. मुक्कामाचा खर्च बहुतेकदा मेडिकेड उचलतं, हॉस्पिटलचा मेडिकेअर. तीन दिवस भरती राहून आजी परतल्या की मेडिकेअरचा चढा दर, जास्तीत जास्त १०० दिवस. म्हणजे जागेवर सलाईन लावणाऱ्याचं नुकसान आणि ॲम्ब्युलन्स बोलावणाऱ्याचा फायदा. यात हाल त्या आजींचे होतात.

२०१६ ते २०२० च्या सरकारी प्रयोगात न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, निर्जलीकरण अशा सहा आजारांवर जागेवरच उपचार केल्याचे वेगळे पैसे दिले. भरती ठळकपणे घटली नाही. निदानावर पैसे ठेवले की निदानंच वाढतात, असं माझं मत. लघवीत जंतू दिसले, ताप नाही, जळजळ नाही, तरी कागदावर 'संसर्ग'!

आय-स्नॅपमध्ये योजनेला मेडिकेअरकडून दरडोई दरमहा रक्कम मिळते आणि तीन दिवसांची अट योजना माफ करू शकते. तिथे बोनस '१००० रहिवासी-दिवसांमागे भरती' (एक रहिवासी एक दिवस राहिला की एक रहिवासी-दिवस) यावर बांधायचा आहे. पण ६० रहिवाशांच्या घरात दोन-तीन भरतींनीच आकडा उलटतो. किती महिन्यांची सरासरी धरता? हॉस्पिसमध्ये (अखेरच्या काळातली शुश्रूषा) गेलेले दिवस वगळता का? आणि रात्रपाळीच्या नर्स प्रॅक्टिशनरचा (तपासून औषध लिहून देऊ शकणारी उच्चशिक्षित नर्स) खर्च बोनसमधून, की आधीच वेगळा?

करारातली नेमकी शब्दरचना कुणी सांगितली तर फार उपयोग होईल.