सैल जोडी नव्हे
एक्स-६९०० हा टेट्राक्वार्क, म्हणजे चार क्वार्कचा कण. त्याच्याबद्दल "दोन जे-साय चिकटले की झाला टेट्राक्वार्क" असं म्हणतात, ते पटलं नाही. जे-साय म्हणजे एक चार्म क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क यांचा कण. दोन जे-सायचं वस्तुमान मिळून साधारण ६.२ जीईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने २०२० मध्ये जाहीर केलेला एक्स-६९०० त्याच्या बराच वर आहे. सैल जोडी असती तर ती बेरजेच्या अगदी लगत सापडली असती. शिवाय त्यातले चारही क्वार्क चार्म जातीचेच (दोन क्वार्क, दोन प्रतिक्वार्क), हलका क्वार्क एकही नाही. मग पायॉन या हलक्या क्वार्कच्या कणाच्या देवाणघेवाणीने बांधायची सोयही उरत नाही.

ओळख पटते ती चार म्युऑनवरून. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, आणि जे-साय फुटून दोन म्युऑन निघू शकतात. मडगावला बीएस्सीच्या पोरांकडून सर्नच्याच सीएमएस प्रयोगाच्या खुल्या डेटातल्या म्युऑन-जोड्यांचा आलेख काढून घेतला होता. पावसात दोनदा लाईट गेली, पण शेवटी ३.१ जीईव्हीवर जे-सायचा सुळका उभा राहिला. "सर, हा तर चर्चचा मनोरा!" एकजण म्हणाला. एक्स-६९०० साठी असे दोन जे-साय एकाच टकरीत लागतात.