मदत हवी आहे: नगररचनेतली सरकारी नोकरी की मोठी आर्किटेक्चर फर्म?

नमस्कार मंडळी. पुतणी इथेच सोलापुरात बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या डोक्यात एकच नाव, एसओएम. शिकागोत १९३६ साली, मंदीच्या दिवसांत, लुई स्किडमोर आणि नॅथॅनियल ओविंग्ज यांनी काढलेली फर्म. १९३९ मध्ये इंजिनिअर जॉन मेरिल आले आणि तिघांची आडनावं मिळून नाव झालं. बुर्ज खलिफा यांचंच डिझाइन, मुंबई विमानतळाचं टर्मिनल दोनही यांचंच. त्यामुळे पोरीला दोष तरी काय देणार!

दादाचं मात्र ठरलेलं: ‘सरकारी खात्यात चिकट.’ नगररचना खात्यातल्या रचना सहायक या पदाची वेतनश्रेणी एस-१४, म्हणजे मूळ पगार ३८,६०० ते १,२२,८००. वर महागाई भत्ता, घरभाडं भत्ता (त्यासाठी शहरांचे वर्ग असतात, सोलापूर वाय वर्गात येतं). पण मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के एनपीएसला (राष्ट्रीय पेन्शन योजनेला) जातात, व्यवसाय कर वेगळा. नवीन लागलेल्याच्या हातात शेवटी किती पडतात? त्या खात्यातलं कुणी असेल तर सांगा, पाहुणे सांगतात ते आकडे मला फुगवलेले वाटतात.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक कार्यालयाने कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन स्वतःहून जाहीर करायचं असतं. महापालिकेची किंवा नगररचना कार्यालयाची अशी यादी कुणी पाहिली आहे का? आणि खासगीत सुरुवातीला काय देतात, पुण्या-मुंबईत भाडं भरून काही उरतं का, हेही अनुभवी आर्किटेक्टनी लिहा. सरकारी परीक्षेचा फॉर्म भरायचा की फर्मला दाखवायच्या पोर्टफोलिओला (स्वतःच्या कामांच्या संग्रहाला) लागायचं, यावरून घरात रोज वाद चालू आहेत.