पाव तांग्यावर फिकट हिरवी भुकटी: धुवायची की नाही?

दिवचलकर
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ढिगातली वीसेक पोर्तुगीज नाणी स्वस्तात मिळाली. बहुतेक 1901 आणि 1903चे पाव तांगे, थोडी 1952ची एक तांगा, दोन 1959ची 30 सेंताव्ह. सगळी ब्रॉन्झची. तीन नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी आहे, बाकी मातीने काळवंडलेली. घरी समयांना बिंबलं नाहीतर चिंच लावतात, तेच करू का?

खापरपाटी
नाही. चिंच, बिंबलं, व्हिनेगर कसलंच आंबट नको, आणि लिंबू-मीठ तर अजिबात नको. समई दर सणाला उजळली तरी समईच राहते. नाण्यावरची तपकिरी साय एकदा गेली की खालून कच्चं गुलाबी तांबं दिसतं, ते परत झाकता येत नाही आणि किंमतही निम्म्याच्या खाली येते. मिठातलं क्लोराइड म्हणजे तर ब्रॉन्झरोगाचं (खाली सांगतो) बीजच.

आधी ती तीन नाणी भिंगाखाली धरा. दात कोरायच्या काडीने हिरवं टोकरा. गडद, कठीण, निघत नसेल तर मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचा स्थिर हिरवा थर. त्याला हात लावू नका. फिकट पोपटी पूड सुटली आणि खाली खड्डा दिसला तर ब्रॉन्झरोग. धातूत अडकलेलं क्युप्रस क्लोराइड हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन घेऊन ती पूड बनवतं, सोबत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते नवं तांबं खातं आणि चक्र सुरूच राहतं. खात्री नसेल तर पूड झाडून नाणं ओल्या कापसासोबत बंद डबीत दोन दिवस ठेवा. कापूस नाण्याला टेकू देऊ नका. त्याच जागी पुन्हा पोपटी ठिपका आला तर रोग जिवंत.

मातीच्या नाण्यांना डिस्टिल्ड पाणी (बॅटरीत घालायचं मिळतं ते चालतं) आणि मऊ ब्रश. दोनतीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, माती बांबूच्या काडीने काढा. मग ऍसिटोनमध्ये बुडवून वाळवा; खिडकी उघडी, गॅस बंद. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको, त्यातही क्लोराइड असतं.

रोगट तिघांसाठी सोडियम सेस्क्विकार्बोनेट. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात 28 ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट आणि 22 ग्रॅम खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे. नाणी त्यात बुडवून ठेवा, दर आठवड्याला द्रावण बदला. काम महिन्यांचं आहे, घाई चालत नाही.

सोडा_पुरे
वरच्याशी बहुतांशी सहमत, पण सोड्याची घाई नको. लांबलेल्या भिजवणीत तांबं विरघळतं आणि नाण्यावर निळसर-हिरवा नवा थर (चाल्कोनेट्रोनाइट) बसू शकतो. चांगली साय असलेल्या 1901च्या नाण्याचा रंगच फिरतो. ठिपके दोनचारच असतील तर भिंगाखाली टोकदार पात्याने पूड नि खड्डा साफ करून कोरड्यात ठेवणं पुरतं. रोग सगळीकडे असेल तरच सोडा.

आणखी एक चूक नेहमी होते. क्लोराइड गेलं का पाहायला लोक सोड्याच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाकतात. पांढुरकं झालं की घाबरतात. कार्बोनेटही सिल्व्हर नायट्रेटला साका देतं! चाचणी शेवटच्या डिस्टिल्ड पाण्याच्या धुवणीवर करा, आधी त्यात विरळ नायट्रिक आम्लाचे दोनतीन थेंब घालून. तरीही दुधाळ दिसलं तर क्लोराइड बाकी.

पूर्ण वाळल्यावर 100 मिली इथेनॉलमध्ये 3 ग्रॅम बेंझोट्रायझोल (तांब्याला गंजण्यापासून जपणारं रसायन), त्यात 24 तास. हातमोजे घालाच, हे रसायन अंगाला चांगलं नाही. वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. हे सगळं तांबं-ब्रॉन्झसाठी हं. ढिगात जुना तुतेनागचा (जस्ताच्या मिश्रधातूचा) बाझारुक, म्हणजे पोर्तुगीज काळातलं हलक्या किमतीचं नाणं, निघाला तर त्यात जस्त भरपूर असतं, त्याला यातलं काही करू नका.

दिवचलकर
आणि ही तिन्ही बाकीच्यांसोबत ठेवली तर रोग लागतो का?

पागोळी
जंतू नाही तो, उडून लागत नाही. पण सुटी पूड दुसऱ्या नाण्यावर पडली आणि दमट हवा मिळाली की तिथेही उपद्रव सुरू, म्हणून वेगळी डबी.

गोव्यात खरी लढाई दमटपणाशी. पावसाळ्यात घरातली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, आणि हा रोग साधारण 40 टक्क्यांच्या खालीच थांबतो. उघड्या कपाटात मेण लावून काही होणार नाही. झाकण घट्ट बसणारा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोनतीन तास भाजून परत वापरा. मऊ पीव्हीसीच्या खिशांचे अल्बम टाळा, त्यातून आम्ल सुटून नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. आलाच तर ऍसिटोनने निघतो. रबरबँडही नको, त्यातल्या गंधकाने काळं पडतं.

जाता जाता: जमिनीत सापडलेली नाणी ही वेगळी गोष्ट. 10 रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर 1878च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. असा माल कोणी देऊ केला तर घेण्याआधी कुठून आणला ते विचारा.