पुण्यातील बीआरटी मार्गिका काढून टाकणे योग्य आहे का?

विश्रांतवाडीकर (प्रश्न):
डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी (बससाठी रस्त्याच्या मधोमध राखीव मार्गिका) सुरू झाली, तेव्हा तो देशातला पहिलाच प्रयोग होता. आता नगर रस्त्यावरील मार्गिका काढली गेली आहे आणि उरलेल्यांविषयीही तशीच मागणी होते. शेजारी वाहने खोळंबलेली असताना मधला रस्ता मोकळा का ठेवावा, या प्रश्नाला पटण्याजोगे उत्तर आहे का? मेट्रो आल्यावर या मार्गिकांची गरज उरते का?

आकडेमोड:
उत्तर बसच्या फेऱ्यांवर अवलंबून आहे. दर दोन मिनिटांनी पन्नास प्रवाशांची एक बस गेली, तर तासाला दीड हजार माणसे जातात. सिग्नल असलेल्या रस्त्यावर मोटारींची एक रांग साधारण तेवढीच किंवा त्याहून कमी माणसे नेते, कारण एका मोटारीत सरासरी दोन माणसेही नसतात. म्हणजे दोन बसच्या मधल्या वेळात रस्ता मोकळा दिसला तरी तो वाया गेलेला नसतो. मात्र बस दहा मिनिटांनी येत असेल, तर हा सगळा हिशोब कोसळतो आणि टीकाकारांचे म्हणणे खरे ठरते. २००७ मध्ये पीएमटी व पीसीएमटी या पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवांचे विलीनीकरण होऊन पीएमपीएमएल ही एकच बस कंपनी स्थापन झाली. तिच्याकडे पुरेशा बस देण्याआधीच आपण दुभाजक, थांबे आणि रेलिंग यांवर खर्च करत राहिलो, हे माझे स्पष्ट मत आहे.

दुचाकीवाला:
आपल्या हिशोबात केवळ मोटारी आहेत. पुण्याचा रस्ता दुचाकींचा आहे. तेवढ्याच जागेत दुचाकी मोटारींपेक्षा कितीतरी जास्त माणसे नेतात, त्यामुळे बसने जिंकायचे तर दर मिनिटाला एक बस हवी. शिवाय रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत धावत्या वाहनांतून जावे लागते. वृद्धांना ते जमत नाही, आणि मार्गिकेत घुसणाऱ्यांना (त्यांत आम्हीही आलोच) अडवायला चौकात वॉर्डन असेलच असे नाही.

आकडेमोड:
दुचाकींचा मुद्दा मान्य आहे. थांब्यापर्यंत सुरक्षित जाता यावे म्हणून पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र सिग्नल हवा. त्यासाठी मार्गिका उखडण्याची गरज नाही. दिल्लीने आंबेडकरनगर-मूलचंद हा बीआरटी मार्ग २०१६ मध्ये उखडला, पण अहमदाबादची २००९ पासूनची जनमार्ग ही बीआरटी सेवा आजही चालू आहे.

वाघोलीकर:
मेट्रोविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्नाचा तो भाग राहून गेला. वनाझहून येणारी मेट्रो रामवाडीला संपते. खराडी आणि वाघोली नगर रस्त्यावर त्याच्या पुढे आहेत. स्वारगेटपासून कात्रजपर्यंतचा भुयारी मार्गही अजून सुरू व्हायचा आहे. त्यामुळे स्थानकापर्यंत आणणारी बस वेळेवर मिळाली नाही, तर माणूस दुचाकीच काढतो आणि एकदा ती काढली की थेट कार्यालयातच जातो. रामवाडीच्या पुढे तरी गर्दीच्या वेळी बसला वेगळा रस्ता मिळायला हवा होता, तोच नेमका आपण काढून टाकला.