इंदूरमध्ये नवलख्याजवळ परवडणारे भाड्याचे घर कोणत्या भागात शोधावे?

प्रश्न

नमस्कार. नोकरीनिमित्त मी पुढील महिन्यात नाशिकहून इंदूरला येत असून कार्यालय नवलखा चौकाजवळ आहे. सोबत आई असेल. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे तळमजल्यावरचे किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीतले दोन खोल्यांचे घर हवे आहे. भाडे, वीज आणि पाणी मिळून १२ हजारांपलीकडचा खर्च मला झेपणार नाही. भंवरकुआ भागातील पुष्कळ घरांच्या जाहिराती दिसतात, परंतु शेजारी चार मराठी माणसे असावीत अशी आईची मनापासून इच्छा आहे. कोठे शोधावे आणि घर पाहताना काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

लोकमान्य नगरचा रहिवासी

ताई, भंवरकुआ तुमच्या कार्यालयाला जवळ आहे हे खरे, पण तेथे शिकवणी वर्गांच्या विद्यार्थ्यांची इतकी मागणी असते की अनेक मालक माणशी भाडे लावतात आणि कुटुंबाला ते महाग पडते. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर आणि वैशाली नगर आधी पाहावे, असे मी सुचवीन. यांपैकी पहिल्या दोन वसाहतींत मराठी कुटुंबे जुनी आहेत आणि तेथील चांगली घरे ‘टू-लेट’ची पाटी लागण्यापूर्वीच ओळखीतून जातात. म्हणून दलालाला गाठण्याआधी एखाद्या रविवारी स्वतः गल्ल्यांतून फिरावे आणि किराणा दुकानदाराकडे व गणेशोत्सव मंडळातील मंडळींकडे चौकशी करावी. आईसाठी मल्टीतल्या, म्हणजे बहुमजली इमारतीतल्या, फ्लॅटपेक्षा मालक वरच्या मजल्यावर राहत असलेले तळमजल्याचे घर अधिक सोयीचे ठरेल. लिफ्ट असली की तिच्या देखभालीचा खर्च भाड्याबाहेर द्यावा लागतो.

सुदामा नगरातील भाडेकरू

वस्तीविषयी मी सहमत आहे, परंतु माझ्या मते घर स्वस्त की महाग हे पाणी आणि वीज यांवरूनच ठरते.

इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरील जलूदहून उपसून आणले जाते. ते बहुतेक भागांत एक दिवसाआड येते, म्हणून घराला नर्मदेची जोडणी आहे का, हौद केवढा आहे आणि तो किती कुटुंबांत वाटला जातो, हे भाड्याची बोलणी करण्यापूर्वी विचारावे. केवळ बोरिंगवर चालणारे घर पावसाळ्यानंतर पाहिले तर निर्धास्त वाटते, मात्र एप्रिल-मेमध्ये बोअर आटला की टँकरची वर्गणी सुरू होते.

विजेच्या बाबतीत स्वतंत्र मीटरचाच आग्रह धरावा. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेखाली महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांसाठी १०० रुपयेच आकारले जातात. तुम्हा दोघींचा वापर या मर्यादेत सहज राहू शकेल. परंतु मालकाच्या मीटरवर सबमीटर लावलेला असेल, तर सगळ्या कुटुंबांचे युनिट एकत्र मोजले जाऊन मर्यादा ओलांडली जाते आणि मालक ठरवील त्या दराने तुम्हाला पैसे द्यावे लागतात. भाडे पाचशे रुपयांनी कमी सांगणारे घर अशा वेळी प्रत्यक्षात महाग पडते.

राजेंद्र नगरचे काका

करार ११ महिन्यांचा होईल, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार सक्तीची आहे. अनामत किती, ती केव्हा परत मिळणार आणि रंगकाम कोणाच्या खर्चाने होणार, हे करारातच लिहून घ्यावे. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्यास मालक टाळाटाळ करीत असेल, तर ते घर घेऊ नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. परिचितांमार्फत लोकमान्य नगरात तळमजल्यावरचे एक घर कळले आहे. भाडे ९,५०० रुपये, नर्मदेची जोडणी आहे, मीटरही स्वतंत्र आहे. हौद मात्र वरच्या मालकांच्या कुटुंबाबरोबर सामाईक असून पाणी वर चढविण्याचा पंप तळमजल्याच्या मीटरवर चालतो. हे मान्य करावे का?

सुदामा नगरातील भाडेकरू

घर सोडू नका, पण पंपाची तार मालकांच्या मीटरवर घेतल्याशिवाय अनामत देऊ नका. वीजतंत्र्याचे हे थोड्या वेळाचे काम आहे आणि सामाईक पंपाचे बिल त्यांच्याकडे राहील, असे एक वाक्य करारात घालून घ्या.